भेगेचे टोक

एक वृद्ध कारागीर सुपारीच्या बागांच्या गावात राहत असे. त्याचा आश्रम म्हणाल तर बाजाराच्या कडेची पत्र्याची शेड, आणि आश्रमातली सामग्री म्हणाल तर गवत कापायची यंत्रे, फवारणीचे पंप आणि झाडे कापायच्या करवती. उन्हात तापून आणि दिवसभर थरथरून या यंत्रांची प्लास्टिकची अंगे तडकत, आणि लोक ती त्याच्याकडे, म्हणजे आबांकडे, घेऊन येत. आबा ती सांधून देत.

आबांचा एक शिष्य होता. कोवळा बटू वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप होता तो. हाताला सफाई होती आणि जिभेला धार. ती धार गेले वर्षभर त्यालाच कापत होती. वडिलांच्या तेराव्याला, चार माणसांदेखत, तो थोरल्या बहिणीला म्हणाला होता, "मेल्यावर रडायला आलीस. आजारपणात कुठे होतीस?" ताई भरल्या ताटावरून उठली ती पुन्हा माहेरी फिरकली नाही.

आता दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेला ताईकडे जावे असे त्याला फार वाटे, पण जाऊन बोलायचे काय? शेवटी त्याने मनाशी ठरवले की चांगलीशी साडी घ्यावी, हसतमुखाने जावे आणि झाल्या गोष्टीचा विषयच काढू नये.

तशातच एक बागायतदार लंगडत शेडमध्ये आला. त्याच्या यंत्राच्या पात्यावरची ढाल, म्हणजे उडणारे दगड अडवणारे प्लास्टिकचे कवच, शिष्याने नुकतीच दुरुस्त केली होती. भेग चिकटवून, वरून घासून त्याने ती अशी चकचकीत केली होती की "कुठे फुटली होती ते दाखवा बघू," असे म्हणत तो चारचौघांत मिरवला होता. तो जोड अजून जिथल्या तिथे होता. भेग मात्र जोडाच्या पुढे वीतभर धावली होती. ढाल फाकली होती आणि दगड थेट नडगीवर बसला होता.

शिष्याची मान खाली गेली. आबा रागावले नाहीत. त्यांनी ढाल पुसली, तिच्यावर शाई चोळली आणि पुन्हा पुसली. भेग डोळ्याला दिसत होती त्याहून बोटभर पुढपर्यंत एक बारीक निळी रेघ उमटली. रेघ संपत होती तिथे, अगदी धडधाकट प्लास्टिकवर, आबांनी ड्रिल टेकवले आणि आरपार भोक पाडले.

बागायतदार कळवळला. "अहो आबा, फुटलंय तेवढं पुरे नाही का? चांगल्या जागी कशाला भोक पाडताय?"

शिष्याच्याही मनात तेच होते. आबांनी उत्तर मात्र शिष्याकडे बघून दिले.

"भेग टोकानं चालते, बाबा. ते टोक असतं सुईसारखं. मागनं किती का चिकटवेनास, यंत्र थरथरलं की ते पुढची जागा चिरत जातं. गोल भोकाला टोकच नसतं. तिथं पोचली की भेग थांबते. भांडण टोकाला गेलं असं म्हणतात, ते उगाच नाही." त्यांनी ड्रिल खाली ठेवले. "आणि भोक फुटक्या जागी पाडून चालत नाही. ते शाबूत जागेतच पाडावं लागतं. शाबूत जागा म्हणते, माझा काय दोष? नसतोच तिचा दोष. पण पुढचं सगळं वाचवायचं, तर थोडं तिनंच झिजायचं."

पुढचे काम शिष्याने हाती घेतले. तसल्याच एका जुन्या ढालीची पट्टी कापून त्याने ती तापल्या सळईने भेगेत वितळवली. जोड ओबडधोबड झाला. तो घासून चकचकीत करावा असे या वेळी त्याला वाटले नाही.

रात्री तो स्वतःची शाबूत बाजू चाचपून पाहू लागला. वडिलांची सेवा त्याने एकट्याने केली होती, हे गाव जाणत होते. ताई आली नव्हती, हेही खरेच होते. पण ती फोनवर दर वेळी विचारी, "येऊ का रे?" आणि तो दर वेळी म्हणे, "काही गरज नाही. मी आहे ना." हे त्याला आता आठवले.

भाऊबीजेला ताई दारात उभी राहिली, पण 'ये' म्हणाली नाही. साडीची पिशवी त्याने पायरीवर ठेवली.

"ताई, तू येऊ का विचारायचीस. नको असं मीच म्हणायचो. बाबांचं सगळं मी एकट्यानं केलं, असं लोकांनी म्हणावं, म्हणून."

डोळ्यांना पदर लावत ताई म्हणाली, "मी तरी विचारत कशाला बसले? बाप माझाही होता. उठून यायचं ना सरळ."

तिने आत जाऊन पाट मांडला. निरांजन लावले. जे तुटले होते ते दोघांनाही दिसत होते, आणि तरी तो पाटावर बसला.

आपली बाजू शाबूत आहे अशी ज्याची खात्री असेल, त्याने हेही जाणावे की भोक पाडायची जागा त्याच्याचकडे आहे.