भिवरेची तिसरी उडी

एका राज्यात बुरुडाच्या घरी भिवरा नावाची मुलगी जन्मली. सातव्या वर्षी तिने वेळू टेकून ओढा ओलांडला, सोळाव्या वर्षी गावाची वेस, आणि तिशी गाठेपर्यंत राज्यातली एकही भिंत तिने सोडली नाही. आपल्याला ओटा चढताना धाप लागते. ही बाई दरवर्षी स्वतःचाच उच्चांक मोडत असे.

धूमकेश नावाच्या मांत्रिकाने राजाच्या वाड्याभोवती भिंत बांधली आणि पाखरूही ती ओलांडणार नाही अशी बढाई मारली. भिवरेने ती ओलांडली, वर हसलीही. ते हसणे तिला फार महागात पडले. मांत्रिकाने भिंतीवर नवा मंत्र घातला आणि राजाला व तिच्या सहा वर्षांच्या लेकीला, पारूला, त्याच भिंतीआड कोंडले.

"तुला तीन उड्या," भिंतीवर उभा राहून तो म्हणाला. "पहिली चुकली, की आतली माणसे गुडघ्यापर्यंत दगड होतील. दुसरी चुकली, की गळ्यापर्यंत. तिसरीनंतर काही ऐकू येणार नाही."

भिवरा धावली, वेळू टेकला, वर गेली. तिच्याबरोबर भिंतही वर गेली. ती खाली आदळली.

"आई, माझे पाय हलत नाहीत!" आतून पारू ओरडली.

दुसऱ्या उडीला तिने दुप्पट लांब वेळू घेतला. भिंतही दुप्पट चढली. पारू काहीतरी म्हणाली, पण ते आईला कळण्याइतके मोठे नव्हते. भिवरेच्या तोंडचे पाणी पळाले. जन्मात ती उंचीला भ्याली नव्हती. आता ती वेळू धरून खालीच बसली.

भिंतीवरून एक साळुंकी उतरली. "भिंत तुला ओळखत नाही," ती म्हणाली. "हातातल्या वेळूवर तिचे लक्ष आहे. तो चढेल तितकी ती चढेल."

"मग?"

"वेळू अर्ध्यात सोड."

"खाली खडक आहेत."

"आहेत," साळुंकी म्हणाली आणि उडून गेली.

अंग पलीकडे गेल्याखेरीज वेळू सोडायचा नाही, ही बापाने लावलेली सवय. भिवरा तिसऱ्यांदा वर गेली, तेव्हा मनाने सोड म्हटले तरी बोटे उघडेनात. तिने पारूला हाक मारली. आतून उत्तर आले नाही. त्या शांततेची भीती खडकांच्या भीतीहून मोठी निघाली, आणि तिची बोटे उघडली.

वेळू मागे कलला. त्याच्यामागोमाग भिंत खाली आली, धूमकेशाला घेऊन जमिनीत गेली. भिवरा अंगणात कोसळली. तिचा हात मोडला.

दगड झालेली माणसे हळूहळू हलू लागली. राजा सिंहासनावर बसला आणि म्हणाला, "किती उंच उडी घेतलीस? शिळेवर कोरून ठेवू."

"ठाऊक नाही, महाराज. मोजायला भिंत कुठे राहिली?"

तिचे राजाकडे लक्षच नव्हते. धड असलेल्या हाताने ती पारूचे गार पाय चोळत होती. चोळत राहिली, रडत राहिली.

"आई, पुरे," शेवटी पारू म्हणाली. "गुदगुल्या होतात."