उसनी रात्र

सन १९६४. माघ सरत आला होता, शाळू काढणीला लागला होता.

“सगळं करून झालं, महाराज. अजून काय करायचं राहिलं?”

विचारणारा हैबतराव इंगवले. तालमीचा वस्ताद. पंचक्रोशीत त्याच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलत नसे. ज्यांना विचारलं ते केवलनाथ, चिंचोलीच्या टेकडीवरच्या मठातले. मी तेव्हा मठात लाकडं फोडायचो. ही गोष्ट लोक वाढवून सांगतात. मी वाढवत नाही.

हैबतरावानं पिशवी उलटी केली. जायफळ पडलं, खसखशीची पुडी, ब्राह्मीच्या तेलाची बाटली, काशाची वाटी, दोन ताईत, गोळ्यांचं पाकीट.

“जायफळ दुधात उगाळून प्यालो. खसखशीची खीर खाल्ली. सून रोज तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासते. वाटी काळी पडते, पाय गार पडतात. मी आढ्याकडं बघत पडतो.”

“आणि हे ताईत?”

“एक पीरसाहेबांच्या दर्ग्यातला, एक देवऋष्याचा.”

“एकाच दंडात बांधले होतेस?”

“हो.”

“मग तेच दोघं रात्रभर भांडत बसले असतील. तुला कुठली झोप?”

मला हसू आलं. हैबतरावानं माझ्याकडं बघितलं. मी कुऱ्हाड उचलली.

“गोळ्या कसल्या?”

“तालुक्याच्या डॉक्टरनं दिल्यात. नुसती गुंगी येते. झोप नाही.”

“ते डॉक्टरलाच जाऊन सांग. मला त्यातलं कळत नाही.” महाराजांनी तेलाच्या बाटलीचं बूच काढलं, वास घेतला. “हे मात्र राहू दे इथं. माझे गुडघे धरलेत.”

हैबतराव उसळला. “चेष्टा करून घ्यायला टेकडी चढलो नाही मी. परवा विहिरीच्या काठावर तोल गेला. दोर हाताला लागला म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणतो, असंच चाललं तर तू टिकत नाहीस.”

त्यानं उजवा हात पुढं केला. त्या हातानं भलेभले आडवे पाडले होते. हात थरथरत होता.

महाराजांची चेष्टा थांबली.

“शेवटचा कधी झोपलास?”

हैबतरावानं हात मागं घेतला.

“पोराची आई गेली त्या रात्री.”

“आजारी होती?”

“छातीचं दुखणं. पावसाळाभर अंथरुणावर होती. मी उशाशी बसायचो. सून म्हणायची, मामंजी, तुम्ही पडा, मी बसते. तिची बहीण आली होती, तीही म्हणायची. मी कुणाला बसू दिलं नाही. ह्यांना काय जमणार?”

“मग?”

“मग एका रात्री डोळा लागला. उठून बघतो तर...”

समोर धुनी होती. मठात धुनी विझू देत नाहीत. ज्याची पाळी, त्याच्या मांडीवर निखारे सारायचा लोखंडी चिमटा. पाळी बदलताना घेणाऱ्यानं ‘घेतला’ म्हणायचं. देणाऱ्यानं धुनीकडं पाठ करून निजायचं. वळून बघायचं नाही. बघितलं तर पाळी पुन्हा त्याच्यावर.

“आज मुक्काम कर,” महाराज म्हणाले. “तुझी राखण मी करतो. दे चिमटा.”

“माझ्याकडं कुठला चिमटा?”

“आहे. दे.”

हैबतरावाला लाज वाटली. तरी त्यानं रिकामी मूठ पुढं केली. महाराजांनी दोन्ही हातांनी त्या मुठीतलं काढून घेतल्यासारखं केलं.

“घेतला. आता पाठ कर आणि नीज.”

सकाळी दोघांचेही डोळे लाल.

“काय वस्ताद?”

“नाही लागली.”

“पाठ केली होतीस?”

“केली होती.”

“मग?”

“...मग वळलो.”

“का रे?”

“तुम्ही पेंगता का, ते बघायला.”

“पेंगलो?”

“नाही.”

“किती वेळ बघितलंस?”

“उजाडेपर्यंत.”

महाराजांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे तू झोपावंस म्हणून मी जागलो, आणि मी जागतो का हे बघायला तू जागलास. माझी रात्र फुकट घालवलीस की लेका! ही उसनी राहिली तुझ्याकडं.”

हे त्याला झोंबलं. “इंगवल्यांनी कुणाचं उसनं ठेवलेलं नाही. कधी फेडायची, बोला.”

“बोलावीन.”

त्यानं पिशवी भरली आणि टेकडी उतरला. तेलाची बाटली तेवढी ठेवून गेला.

चैत्रात महाराजांना ताप भरला. उतरेना. वैद्यानं काढा दिला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “आजची रात्र निघाली पाहिजे.”

मी म्हणालो, “महाराज, मी बसतो.”

“तू नको. इंगवल्याला बोलाव.”

दिवेलागणीला हैबतराव आला. पहिल्यापेक्षा खंगला होता. दारातून त्यानं अंथरूण बघितलं, त्यावरचे महाराज बघितले, आणि त्याचं पाऊल आत पडेना.

“वैद्याला बसवा. ह्याला बसवा. मला सांगू नका.”

“का?”

“माझ्या राखणीत माणूस जातं, महाराज.”

“उसनी रात्र कुणाकडं?”

“माझ्याकडं.”

“मग फेडायची कुणी?”

तो उंबऱ्यावर उभाच. एवढा मोठा गडी, चौकटीला धरून उभा राहिला. मला वाटलं, हा आता परत फिरणार.

फिरला नाही. आत आला, धुनीपाशी बसला.

“धुनीही बघायची?”

“धुनीही आणि मलाही.” महाराजांनी पडल्या पडल्या चिमटा त्याच्या मांडीवर टेकवून धरला. “म्हण.”

हैबतरावाचा हात चिमट्याकडं जाईना.

“म्हण रे. हात भरून आला माझा.”

“घेतला.”

महाराजांनी कूस बदलली. धुनीकडं पाठ, त्याच्याकडंही पाठ. वळून बघितलं नाही. थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला.

मला बाहेर जा म्हणाले होते. गेलो.

सकाळी दूध घेऊन आलो तेव्हा ऊन उंबऱ्यावर आलं होतं. आत बघितलं आणि पाय थांबले.

अंथरूण रिकामं होतं. महाराज धुनीपुढं बसले होते. गालफडं बसलेली, कपाळ घामानं ओलं. ताप उतरला होता. चिमटा त्यांच्या मांडीवर. अंगावर घोंगडी नव्हती. ती हैबतरावाच्या अंगावर होती. तो भुईवर उताणा पसरला होता आणि सगळा मठ दणाणेल असा घोरत होता.

महाराजांनी ओठावर बोट ठेवलं.

मी दूध खाली ठेवलं. दुधावर साय धरली. दर्शनाला बाया आल्या, त्यांनी घंटा वाजवली. त्यांना हटकायला मी गेलो तर मलाच ठेच लागली, मी ओरडलो. हैबतराव हलला नाही.

दुपार कलली तेव्हा त्यानं डोळे उघडले. आधी त्याला कळेना, कुठं आहे ते. मग त्यानं मांडीवर हात फिरवला. चिमटा नव्हता. तोंडाचा रंगच गेला.

“महाराज!”

“हं.”

आवाज आला तिकडं तो वळला. बघत राहिला.

“मी... झोपलो.”

“झोपलास कसला? घोरलास.”

“तुम्ही...”

“मी आहे.”

“धुनी?”

महाराज जरा बाजूला सरकले. निखारे लाल होते.

“चिमटा कुणी घेतला?”

“मी. ‘घेतला’ म्हणालो होतो. तुला ऐकू गेलं नाही. ह्या खेपेला माझं जागणं फुकट गेलं नाही.”

हैबतरावानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. मी लाकडांकडं बघत राहिलो. वस्तादाला तसं बघायचं नसतं.

बऱ्याच वेळानं त्यानं घोंगडीनं तोंड पुसलं आणि ताठ बसला. हात मांडीवर ठेवले. ते थरथरत नव्हते. त्याचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“पण महाराज, मी तर राखण केली नाही. तुमची उसनी रात्र तशीच राहिली की...”

महाराजांनी चिमट्यानं एक लाकूड आत सारलं.

“फिटली.”