उजेडाची रेघ

नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एक फोटोवाला राहत होता. जिजाबा त्याचं नाव. लोक त्याच्या गावाला अल्याड म्हणत आणि नदीपलीकडच्या गावाला पल्याड. पाणी, ऊस, देऊळ, दोन्ही गावांना सगळं सारखंच मिळालं होतं. जत्रेतल्या कुस्तीची गदा मात्र एकच होती.

जिजाबाचा कॅमेरा डिजिटल होता, पण हात जुना होता. कॅमेऱ्याच्या मागे एक बारीक खिडकी असते, तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. उजवा डोळा त्या खिडकीला लावायचा, डावा मिटायचा आणि मगच बोट दाबायचं, ही त्याची रीत. मागचा स्क्रीन त्याला मुळीच आवडत नसे. त्यावर त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून टाकला होता.

पल्याडला अश्पाक नावाचा तरुण फोटोवाला होता. त्याच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन कपाटाच्या दारासारखा उघडायचा आणि हवा तसा कलायचा. अश्पाक कॅमेरा जमिनीवर ठेवायचा, स्क्रीन वर वळवायचा आणि मांडी घालून आरामात फोटो काढायचा.

लग्नात दोघं समोरासमोर आले की जुंपायची.

"ताट धरल्यासारखा कॅमेरा धरतोस रे," जिजाबा म्हणायचा. "वरण वाढू का त्यात?"

"वाढा की काका. एक डोळा मिटून अर्धी पंगत उपाशी ठेवण्यापेक्षा बरं."

आजूबाजूचे हसायचे. हे दोघंही हसायचे.

मग एका जत्रेत भांडण झालं. शेवटच्या कुस्तीत पाठ टेकली असं एक गाव म्हणालं, नाही टेकली असं दुसरं म्हणालं. काठ्या निघाल्या. तिघांची डोकी फुटली आणि एकाचा हात कायमचा अधू झाला. तेव्हा दोन्ही गावच्या जाणत्यांनी मिळून ठरवलं, की पुढच्या वर्षीपासून आखाड्याच्या दोन बाजूंना दोन फोटोवाले बसवायचे. पंचांना शंका आली तर दोघांना विचारायचं. ते सांगतील तो निकाल. जिजाबानं आणि अश्पाकनं आखाड्यातली लाल माती कपाळाला लावून तसा शब्द दिला.

पुढच्या वर्षी शेवटची कुस्ती लागली ती अल्याडच्या दौलतची आणि पल्याडच्या शिवलिंगची. दौलत जिजाबाच्या बहिणीचा मुलगा. जिजाबानं आधीच सांगितलं, "तो माझा भाचा आहे. माझ्या जागी दुसरा माणूस बघा."

पल्याडचा एक म्हातारा म्हणाला, "जिजाबा, तू बसलास तर आम्ही डोळे मिटून बसलो तरी चालेल."

जिजाबाला बसावंच लागलं.

कुस्तीच्या दिवशी सकाळी त्याची बहीण तानूबाई त्याच्याकडे आली. नवरा गेल्यापासून तिनं म्हशीचं सगळं दूध पोरालाच पाजलं होतं. स्वतः बिनदुधाचा चहा पीत होती. अकरा वर्षांत अल्याडला गदा आली नव्हती. ती यावी आणि आपल्या पोराच्या खांद्यावर यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

"दादा," ती म्हणाली, "आज माझ्या पोराकडं नीट लक्ष ठेव."

"ठेवतो," जिजाबा म्हणाला.

दिवस कलला. हलगी कडाडू लागली. जिजाबा मावळतीकडे तोंड करून आखाड्याच्या कडेला मातीत पालथा पडला. मावळतीची बाजू सोडून तिन्ही बाजूंनी माणसं दाटली होती. समोर मावळतीच्या कडेला, सूर्याकडे पाठ करून, अश्पाक बसला होता. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की हार. खांदे उंचावरून दिसत नाहीत. ते बघायचे तर नजर मातीजवळ न्यावी लागते.

कुस्ती लांबली. दोघंही घामानं आणि मातीनं माखले. एकाएकी शिवलिंगनं पाय ओढून दौलतचा पट काढला. दौलत खाली आला आणि शिवलिंग त्याच्यावर चढला.

जिजाबानं श्वास रोखला. खिडकीतून त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. समोरून तिरपं ऊन येत होतं. दौलतची पाठ आणि माती यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ होती. ती रेघ होती तोवर दौलत हरला नव्हता.

रेघ डाव्या खांद्याखाली विझली. मग हळूहळू उजव्या खांद्याखालीही विझली.

जिजाबाचं बोट बटणावर होतं. ते हललं नाही. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्याच क्षणी दौलतनं मानेवर जोर देऊन अंग उचललं, गर्रकन वळला आणि शिवलिंगलाच खाली घेतलं. शिवलिंगची पाठ लागली. ती सगळ्यांनी पाहिली. अल्याडच्या टोप्या हवेत उडाल्या.

"आधी दौलतची टेकली होती," पल्याडकडून आवाज आला.

"टेकली नव्हती. डोळे फुटले का?"

हलगी थांबली. मागच्या रांगेतून काठ्या पुढं येऊ लागल्या. मुख्य पंच भैरू वस्ताद तिसऱ्या गावचे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मी दुसऱ्या बाजूला होतो. मला खात्री नाही," ते म्हणाले. "अश्पाक, तू सांग."

अश्पाक उठला. त्याच्या गावचे लोक त्याच्याकडं टक लावून बघत होते. तो 'टेकली' म्हणाला असता तर कोण काय करणार होतं?

"मला काही दिसलं नाही," अश्पाक म्हणाला. "स्क्रीनवर ऊन आलं होतं. मला त्यात माझंच तोंड दिसत होतं. अंदाजानं बोट दाबलं, तर फोटोत पंचांचं धोतर आलं."

"वा रे फोटोवाला," त्याच्याच गावचा एक जण ओरडला. "धोतराचे फोटो काढायला बसवलं होतं का तुला?"

अश्पाकनं मान खाली घातली, पण शब्द बदलला नाही.

"जिजाबा," वस्ताद म्हणाले, "आता तू."

जिजाबा कोपरांवर जोर देऊन उठला. सदऱ्याची माती त्यानं झटकली नाही. बायकांच्या बाजूला तानूबाई उभी होती. तिनं पदर दोन्ही मुठींत धरला होता. कॅमेऱ्यात दौलत हरल्याचा फोटो नव्हता. जे दिसलं ते फक्त त्यालाच दिसलं होतं. काही दिसलं नाही, एवढे शब्द पुरे होते. आत्ताच समोरच्यानं तेच म्हटलं होतं. पण त्या पोरानं ते खरं होतं म्हणून म्हटलं होतं.

काठ्या आणखी एक पाऊल पुढं आल्या.

"दौलतची पाठ टेकली होती," जिजाबा म्हणाला. "दोन्ही खांदे. रेघ विझलेली मी पाहिली."

"फोटो कुठं आहे?" वस्तादांनी विचारलं.

"नाही. बोट दाबलं नाही मी. भाचा आहे." त्यानं टोपी काढली. "तेवढा गुन्हा माझा."

अल्याडचा एक जण पुढं सरकला आणि हळूच म्हणाला, "जिजाबाकाका, वय झालं. डोळा मिटला असेल, चुकीचं दिसलं असेल. तसं सांगा, अजून वेळ गेली नाही."

"डावा मिटला होता," जिजाबा म्हणाला. "उजवा उघडा होता."

जिंकण्यासाठी काठ्या उगारून पल्याडचे लोक उभे होते आणि एकही काठी न मारता निकाल त्यांच्या बाजूनं लागला होता. आता त्या काठ्यांचं काय करावं ते त्यांना कळेना. एकेकानं त्या खाली टेकवल्या. अल्याडवाल्यांनाही भांडायला कुणी उरलं नव्हतं. त्यांच्याच माणसानं सांगितलं होतं.

गदा शिवलिंगच्या खांद्यावर गेली. माणसं पांगली. अल्याडचे लोक तोंड फिरवून जिजाबाच्या शेजारून गेले. अश्पाक तेवढा आला आणि त्याच्या कॅमेऱ्यावरची माती फुंकून काढू लागला.

तानूबाई जवळ आली. जिजाबाला तिच्याकडं बघवेना.

"लक्ष ठेव म्हटलं होतं, दादा."

"ठेवलं होतं, तानू."

ती पुढं काही बोलणार तेवढ्यात दौलत मागून आला. अंगाची माती तशीच होती. तो मामाच्या पाया पडला आणि आईकडं वळला.

"मामाला काही बोलू नकोस, आई," तो म्हणाला. "पाठ टेकली होती. मातीचा गारवा लागला होता मला."

तात्पर्य: कॅमेरा कसलाही असो, जे दिसलं नाही ते दिसलं म्हणू नये, आणि जे दिसलं ते आपल्याच माणसाच्या विरुद्ध जात असलं, तरी सांगावं.