मोरवण्याच्या घाटावरील हाताची शिळा

मोरवण्याच्या घाटावर, होडीजवळच्या शेवटच्या पायरीलगत, पिवळसर रंगाची एक गुळगुळीत शिळा बसविलेली आहे. तिच्यावर डाव्या हाताचा काळा पंजा उमटलेला आहे. पाहुणे सतीचा हात समजून तिला नमस्कार करतात आणि घाटावरची वृद्ध मंडळी संतापतात.

"सती कसली? ठकूबाई भोईण ती. चांगली ऐंशी वर्षे जगली!"

असे सांगतात की, वर्तमानपत्रे शिळेवर छापली जात त्या काळी याच गावातून ‘तटवृत्त’ नावाचे साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक त्र्यंबकपंत प्रतिष्ठितास ‘गृहस्थ’ लिहीत आणि हातावर पोट असणाऱ्यास ‘इसम’. गृहस्थाचे नाव छापले जाई, इसमाचे नाही. त्या काळच्या पत्रांचा तो शिरस्ताच होता म्हणे.

एका श्रावणातल्या पुरात मामलेदारांचा घोडा होडीत बिथरला आणि होडी कलंडली. ठकूबाईच्या नवऱ्याने सहाही उतारू एकेक करून काठाला लावले. सातव्या खेपेस तो घोड्याचा अडकलेला लगाम सोडवावयास गेला. घोडा परत आला. तो आला नाही.

"कोण गेलं?" बातमीदाराने काठावर विचारले.

"आमच्या घरचे," ठकूबाई म्हणाली. नवऱ्याचे नाव उच्चारणे तिच्या घराण्यात पाप मानीत. बातमीदारानेही दुसऱ्या कोणास विचारण्याची तसदी घेतली नाही.

आठवड्याने ती पालथ्या होडीला तेल चोळीत असता एका उतारूने घाटावर अंक मोठ्याने वाचला : ‘मामलेदारसाहेबांचा मोती नावाचा घोडा ईश्वरकृपेने सुखरूप आहे. एक इसम बुडाला.’

"इसम म्हंजे कोण, दादा?"

"कोणीतरी, बाई. असाच एक जण."

ठकूबाई उठली ती तशीच, तेलाने माखलेल्या हातांनी, छापखान्यात शिरली.

"घोड्याला नाव हाय, पंत. माझ्या माणसाला न्हाई?"

पंतांनी लेखणीही खाली ठेवली नाही. "अगं, मग सांग की नाव! तुला तरी कुठे घेता येतंय?"

कारकून खदखदून हसले. तेरा वर्षे तिने त्याला ‘अवो, ऐकलं का’ एवढेच म्हटले होते. यांनी त्याला ‘इसम’ केले खरे. पण काठावर विचारले तेव्हा आपणही त्याला बिननावाचाच पाण्यात सोडला, हे तिच्या ध्यानी आले, आणि मग तिच्या रागाला धरबंध राहिला नाही. पुढच्या अंकाचा मजकूर उतरवून शिळा सज्ज होती. तिच्यावर तिने तेलकट पंजा आदळला आणि आयुष्यात प्रथमच ती ओरडली,

"लखू राघू भोई!"

पैलतीरावरच्या गुरांनीदेखील माना वर केल्या, असे सांगतात.

त्या शिळेवर तेल लागते तेथे शाई धरते. पंतांनी ती धुवविली, वाळूने घासविली. पण प्रत्येक अंकावर, ऐन बातम्यांच्या मधोमध, तो काळा पंजा उमटू लागला. हा हात कोणाचा, असे वाचक विचारू लागले. छापखान्यापुढून जाणाऱ्या भोयांच्या बायका उत्तर देत, मोठ्याने, लखूच्या नावानिशी. सातव्या अंकात पंतांनी हार मानली. त्यांनी छापले : ‘सहा उतारूंचे प्राण वाचवून लखू राघू भोई हे गृहस्थ बुडाले.’ त्या अंकावर पंजा उमटला नाही. शिळेवर मात्र तो राहिला. ती शिळा ठकूबाईने पंतांकडून मागून घेतली, भोयांच्या डोक्यावरून घाटावर आणविली आणि जेथे बातमीदाराने तिला विचारले होते त्याच जागी बसवून घेतली.

आजही मोरवण्याची नवी सून प्रथम होडीत बसताना त्या पंज्यावर आपला हात ठेवते आणि नवऱ्याचे नाव, त्याच्या वडिलांच्या नावासह, लाजल्यावाचून उच्चारते. इतरांनीही आपापले पूर्ण नाव सांगावयाचे असते. परगावचा कोणी साहेब घाईने म्हणतो, "अहो, मी एकटाच आहे, एक माणूस!" तेव्हा तांडेल वल्हे आडवे ठेवून स्वस्थ बसतो.

"एक माणूस ह्या होडीत बसत नाही, साहेब. नाव सांगा."