ओतामेची ओली माती

फार फार मागची गोष्ट, आणि आपल्याकडची नाही, पार जपानातली. समुद्राकाठी कुरोसुना नावाचं गाव होतं. तिथे एक कुंभाराचं घर होतं, पण मडकी-घागरी घडवणारं नव्हे हं! हे लोक फक्त चहाचे वाडगे घडवत. चाक नाही, काही नाही, नुसत्या हातांनी.

त्या घराची एक रीत होती. आपण खणलेली माती आपण वापरायची नाही. ती खड्ड्यात घालायची, रोज पाणी शिंपडून मुरवायची, आणि वापरायची ती नातवंडांनी. दुसरी रीत जरा कडक होती. मुलाचा पहिला वाडगा वडीलधाऱ्यांनी पारखायचा, आणि उणा वाटला तर तिथल्या तिथे फोडायचा.

ओतामे त्या घरची कर्ती बाई. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा किहेई. त्याने पहिला वाडगा आणून आईच्या हातात दिला. ओतामेने त्यातून चहाचा घोट घेतला. काठ ओठाला जाड लागला. तिच्या स्वतःच्या बापाने तिचेही पहिले तीन वाडगे असेच फोडले होते. तिनेही मागचापुढचा विचार न करता हा फोडला. किहेई रागाने घराबाहेर पडला. दुसऱ्या दिवशी जहाजावर चढला तो गेलाच.

मग काय! बाईच्या जिवाला घोर लागला. आजोबांनी किहेईसाठी घातलेली माती तशीच पडून होती. ती वाळली, तर पोरगं आल्यावर घडवणार कशाने? म्हणून रोज सकाळी ती पाणी शिंपडायची आणि हाक मारायची, "किहेई, ये रे बाळा!"

शेजारीण ओसेन म्हणायची, "अगं, मातीला का ऐकू येतं?"

"ऐको न ऐको. हाक मारल्यावाचून मला राहवत नाही."

तीस वर्षं तिने एक सकाळ चुकवली नाही. वाट बघता बघताच ती गेली.

घर बंद झालं. पण असं म्हणतात, की माती काही वाळली नाही. विहिरी आटल्या, तरी रोज सकाळी खड्डा ओलाच.

आणखी बारा वर्षांनी किहेई परत आला. केस पिकलेले, पाठीला बाक. राग केव्हाच गेला होता, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती. म्हाताऱ्या ओसेनने त्याला खड्ड्यापाशी नेलं.

"पाणी कोण शिंपडतं?" त्याने विचारलं.

"आमच्यापैकी कोणीच नाही, बाबा. आता काय ते तूच समज."

किहेई खड्ड्याच्या काठावर बसला. मातीत कोपरापर्यंत हात घालून लहान पोरासारखा रडला. "आई, आलो गं. फार उशीर केला."

दुसऱ्या सकाळी माती वाळलेली होती, पहिल्यांदाच. आईचा अडकलेला जीव सुटला, असं म्हणतात.

मग किहेईने स्वतः पाणी आणून शिंपडलं आणि आईला हाक मारली. त्या घरात पुन्हा कुणाचा पहिला वाडगा फुटला नाही. आणि कुरोसुनात आजही मातीवर पाणी शिंपडताना, आपलं जे माणूस दूर असेल त्याला नावाने हाक मारतात. ज्याचं दूर कुणीच नाही, तो ओतामेला हाक मारतो.