शेवटचं पान

"खुनाच्या कादंबऱ्या काढा आणि उद्याच रद्दीवाल्याला बोलवा! लोकांना रक्ताची चटक लागलीय," वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब राजोपाध्ये गरजले. ग्रंथपाल शकूताईंनी वाद घातला नाही. "आधी एक वाचून तर बघा," म्हणत त्यांनी सगळ्यांत भयानक कादंबरी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी कुलूप निघायच्या आत आबासाहेब दारात हजर.

"पाच मुडदे पडले आणि शेवटचं पान गायब?"

शकूताईंनी कुलूप उघडलं आणि आत जाऊन टेबलाच्या खणातून ते सुटं पान काढलं. "मीच ठेवून घेतलं होतं. पाचही मुडदे तर तुम्हाला मिळाले, मग धावत कशाला आलात?"

"अहो, खुनी सापडला की नाही ते कळायला नको?"

"आपले वाचकही तेवढ्यासाठीच येतात, आबासाहेब. गावात साधा चोर सापडत नाही. पुस्तकात खुनीसुद्धा सापडतो."

आबासाहेबांनी आधी पान वाचलं, मग रद्दीवाल्याला परत पाठवलं.