रिकामी मोट

जांभुळखडी हे गाव नकाशात शोधायला जाऊ नये. तिथे सोपानगीर महाराज राहत, एवढी खूण भाविकांना पुरे. गावाच्या वरच्या अंगाला चिंचेखाली त्यांचा मठ होता. मठ म्हणजे चार भिंती, गवताचे छप्पर आणि कधीही न लागणारे दार. महाराज फार कमी बोलत. त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा अर्थ सांगणारी मंडळी गावात बरीच झाली होती.

त्यांत अग्रभागी विश्वंभरशास्त्री. शास्त्रीबुवांची विद्वत्ता अस्सल होती. ती अस्सल आहे हे ते भेटेल त्याला सांगत, एवढाच काय तो दोष.

त्याच गावात सटवाजी नावाचा भक्त होता. तो मोटा शिवायचा. बैलांनी ओढून विहिरीचे पाणी वर आणायची ती चामड्याची मोठी पिशवी पंचक्रोशीत त्याच्याच हातची असे. त्या मोटेचे पाणी शास्त्रीबुवांच्या तुळशीला चालायचे. मोट शिवणारा मात्र अंगणाबाहेरच बरा वाटायचा. सटवाजी मठातही दाराबाहेर बसे. कोणी बस म्हटले म्हणून नव्हे, कोणी आत ये म्हटले नाही म्हणून.

एके दिवशी त्याने धीर केला. "महाराज, मला अनुग्रह मिळंल का जी? एखादं नाव द्या. टाके घालताना घेत जाईन."

सभा हसली. शास्त्रीबुवा तर मोठ्याने हसले. "ऐकलंत? गुरुमंत्र आणि चामडं, दोन्ही एकाच आरीनं टोचणार! अरे सटव्या, मी बारा वर्षं अनुग्रहासाठी तिष्ठतोय. आणि तू मध्येच घुसतोस?"

महाराजांनी दोघांकडे पाहिले आणि म्हणाले, "एकादशीला सकाळी या. जो रिकामा येईल, त्याला अनुग्रह देईन."

झाले! शास्त्रीबुवांनी जागच्या जागी अर्थ लावला. रिकामा म्हणजे रिकाम्या पोटी. त्यांनी त्याच क्षणी अन्न सोडले आणि हे घरोघर जाऊन कळवले. चार दिवस नुसते तुळशीचे पाणी. चौथ्या दिवशी तर कळवायलाही आवाज उरला नाही.

सटवाजीला वाटले, रिकामा म्हणजे हातात काम नसलेला. तेवढे आपल्याला जमेल, असा त्याचा हिशोब. पण दशमीला रामजी पाटील दारात उभे राहिले. "सटवाजी, मोट फाटली रे! मळा करपला. उद्या सकाळी नवी पाहिजे."

सटवाजीच्या तोंडाशी 'नाही' आले होते. पण पाटलांच्या वांग्यांची माना टाकलेली रोपे त्याने येताजाता पाहिली होती. तो म्हणाला, "होय जी." मग बायकोला म्हणाला, "भागू, अनुग्रह काही आपल्या नशिबात न्हाई. आपण रिकामं कधी व्हायचं?"

एकादशीला ऊन अंगणात आले तेव्हा शेवटचा टाका पडला. मोट खांद्यावर टाकून सटवाजी पाटलांच्या मळ्यात निघाला. मळ्यात चिटपाखरू नव्हते. मोटच नाही म्हणून बैलही रानात चरायला सोडलेले.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला, "अरे, कोणी आहे का?"

आत शास्त्रीबुवा! मठाच्या वाटेवर, अनुग्रहाआधी स्नान करावे म्हणून, ते काठावर वाकून कळशीने पाणी काढत होते, उपासाने भोवळ आली आणि कळशीमागोमाग स्वतःही गेले. गळ्यापर्यंत बुडून कपारीचा एक दगड धरून लोंबकळत होते. विहिरीला पायऱ्या नव्हत्या. दगड हलत होता.

सटवाजीने नवी मोट चाकावरच्या दोराला बांधली आणि खाली सोडली. "बुवा, आत बसा!"

शास्त्रीबुवांनी मोटेकडे पाहिले. अशाही वेळी त्यांनी विचारले, "नवी आहे का रे?"

"कोरी हाय जी. अजून पाणीसुद्धा लागलं न्हाई."

शास्त्राधार म्हणून एवढे पुरले. शास्त्रीबुवा मोटेत बसले, आणि कपारीचा दगड निखळून पाण्यात पडला!

ही मोट ओढायला दोन बैल लागतात. सटवाजी एकटा, त्यात रात्रभर जागलेला. त्याने दोर कमरेला वेढला, दोन्ही हातांनी धरला आणि बैल मोट ओढत उतरतात त्या उतारावर पाय रोवले. पहिल्या पावलाला तळहात सोलले. दुसरे पाऊल उचलेना. "विठ्ठला, माणूस हाय रे आत!" एवढेच तो ओरडला. त्या माणसाने आपल्याला काय म्हटले होते, अनुग्रह कोणाला मिळणार होता, काही काही त्याच्या मनात उरले नव्हते. आणि अहो आश्चर्य! दोर एकाएकी हलका झाला. मागून कोणी तरी हात लावावा तसा! सटवाजी सरसर उतार उतरला आणि भरल्या मोटेसारखे शास्त्रीबुवा काठावर आले.

दोघे मठात पोचले. एक निथळत होता, दुसरा नेहमीप्रमाणे दाराबाहेर थांबला. "महाराज, मी रिकामा आलो न्हाई. मोट शिवत बसलो. चुकलो जी."

महाराज सकाळपासून आसनावरून उठले नव्हते. समोर तीस माणसे साक्षीला होती. महाराजांनी नुसते आपले तळहात पुढे केले. दोन्ही तळहातांवर दोराचे लाल, ताजे वळ होते. सभा उठून उभी राहिली.

"सटवाजी," महाराज म्हणाले, "मोट खाली जाते तेव्हा कशी असते?"

"रिकामी, जी."

"मग आत ये. तुझ्यासारखं रिकामं आज कोणी आलं नाही."

सटवाजीने आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. महाराजांनी त्याच्या कानात नाव सांगितले आणि मठ जयघोषाने दणाणला. तो थांबतो न थांबतो तोच शास्त्रीबुवा पुढे झाले आणि त्यांनी सटवाजीच्या पायांवर डोके ठेवले.

सटवाजी दचकून मागे सरला. "अवं बुवा, हे काय? विटाळ होईल!"

"होऊ दे," शास्त्रीबुवा म्हणाले. डोके त्यांनी उचलले नाही. "चार दिवस पोट रिकामं केलं, सटवाजीबाबा. खरं रिकामं करायचं ते ठिकाण आज सापडलं."